कप कशाला वेगळा ठेवता?

संपादक साहेब,

मेंदूतलं खराब प्रोटीन एका पेशीतून दुसऱ्या पेशीत पसरतं अशी बातमी मध्यंतरी मोबाइलवर फिरली आणि आमच्या वाडीत पार्किन्सन (कंपवात) झालेल्या एका आजोबांचा चहाचा कप लगेच वेगळा ठेवायला लागले, कमालच झाली! अहो पसरतं हे खरंय, पण त्याच माणसाच्या डोक्यात. अल्फा-सायन्युक्लिन नावाचं प्रोटीन सगळ्यांच्याच मेंदूत असतं, त्याची घडी चुकली की ते बाजूच्या चांगल्या प्रोटीनलाही वाकडं करतं, दुधाला विरजण लागावं तसं, मग त्याच्या गुठळ्या होतात, त्यांचे तुकडे बाहेर पडतात आणि पुढची पेशी ते आत ओढून घेते. अल्झायमरमध्ये, म्हणजे विसरण्याच्या आजारात, टाऊ नावाच्या प्रोटीनचंही साधारण असंच. २००८ साली तर असं दिसलं की पार्किन्सनच्या काही पेशंटच्या मेंदूत दहाहून जास्त वर्षांपूर्वी गर्भातल्या ज्या कोवळ्या पेशी बसवल्या होत्या, त्यांच्यातही या गाठी झालेल्या! म्हणजे जुन्या पेशींकडून नव्यांकडे.

पण उष्टा चहा पिऊन किंवा हात धरून हे कुणाला होत नाही. गोळ्यांनी हालचाल सुधारते, पसरणं मात्र थांबत नाही, म्हणून त्या वेळेवर घ्यायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत. आणि न्यूरोलॉजिस्टसाठी आम्हाला मुंबई-पुणं गाठावं लागतं ते वेगळंच, त्यावरही कधीतरी छापा.

गणपतीत घरं चाकरमान्यांनी भरतील, त्याआधी हे पत्र आलं तर बरं होईल.

– एक वाचक, गुहागर