आमदारांच्या कार्यअहवालात केंद्राच्या हिश्श्याचा हिशेब कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे महापालिकेच्या निवडणुकीची धामधूम 16 जानेवारी 2026 च्या निकालाने संपली आणि त्यानंतर काही दिवसांतच आमच्या सोसायटीच्या टपालपेट्यांमध्ये आमच्या मतदारसंघातील आमदारांचा कार्यअहवाल येऊन पडला. डिसेंबरमधील नागपूर अधिवेशनात संमत झालेल्या विधेयकांची यादी, आमदार महोदयांनी मांडलेल्या लक्षवेधी सूचना, आणि उरलेल्या सगळ्या पानांवर कामांची नावे व त्यांच्यापुढे कोटींतले आकडे, असे त्याचे स्वरूप आहे. लोकप्रतिनिधीने आपल्या कामाचा लेखी वृत्तान्त मतदाराच्या हाती द्यावा ही प्रथा चांगली आहे आणि ती पाळल्याबद्दल त्यांचे आभार मानायलाच हवेत. मात्र माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात गेल्यामुळे आकडा दिसला की तो कोणत्या लेखाशीर्षाखालचा (हिशेबातल्या कोणत्या खात्याचा), हे शोधण्याची खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. त्या सवयीने पुस्तिका दोनदा वाचली, तेव्हा दिसले ते असे की पैसा केंद्राचा, राज्याचा, महापालिकेचा की कर्जाऊ, याचा एकाही आकड्यापुढे उल्लेख नाही. आणि दिल्लीहून यायचा जो पैसा आटला किंवा यायचाच थांबला, त्याबद्दल तर चकार शब्द नाही.

हा आक्षेप कोणा एका पक्षाच्या आमदाराविरुद्ध नाही. आमच्या जिल्ह्यात विधानसभेचे 18 मतदारसंघ आहेत आणि इतर मतदारसंघांतले जे अहवाल पाहण्यात आले, ते सत्ताधाऱ्यांचे असोत की विरोधकांचे, सगळे याच वळणाचे होते. विरोधकांच्या पुस्तिकेत निधी मिळाला नाही अशी तक्रार असते, सत्ताधाऱ्यांच्या पुस्तिकेत निधी खेचून आणल्याचा दावा असतो. हिशेब मात्र दोन्हींकडे नसतो.

सर्वांत मोठी उणीव रोजगार हमीच्या बाबतीत आहे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या (ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या) जागी 'विकसित भारत – रोजगार आणि आजीविका हमी अभियान (ग्रामीण)' हा नवा कायदा संमत केला. त्यात 100 ऐवजी 125 दिवसांची हमी आहे आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मुख्यतः तेवढीच गोष्ट आली. परंतु मनरेगात अकुशल मजुरीचा संपूर्ण खर्च केंद्र उचलत असे आणि साहित्याच्या खर्चातला तीन चतुर्थांश वाटाही केंद्राचाच होता. नव्या कायद्यात महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी हे प्रमाण 60:40 झाले आहे. शिवाय प्रत्येक राज्याला किती रक्कम द्यायची हे केंद्र आधी ठरवून देणार आणि त्यापलीकडचा खर्च राज्याने सोसायचा आहे. पेरणी आणि कापणीच्या हंगामात मिळून 60 दिवस ही कामे बंद ठेवण्याचीही तरतूद आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील ज्या आदिवासी कुटुंबांना भाताची कापणी उरकल्यावर वीटभट्टीवर जाण्यावाचून दुसरा मार्ग नसतो, त्यांच्यासाठी 125 दिवस हा आकडा मोलाचा आहे, यात शंका नाही. पण तो आकडा कागदावरून हजेरीपटावर उतरवण्यासाठी राज्याला आपल्या तिजोरीतून 40 टक्के काढून ठेवावे लागतील, आणि ते कोठून काढणार हे विधिमंडळातच ठरायचे आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या आमदारांना तरी परका वाटू नये. ही हमी मुळात याच राज्याने देशाला दिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या योजनेला 1977 मध्ये विधिमंडळाने कायद्याचे रूप दिले, आणि तिचा खर्च भागावा म्हणून 1975 पासून व्यवसाय कर लावला गेला. आज ठाण्यातल्या कोणत्याही नोकरदाराने आपली वेतनचिठ्ठी पाहिली तर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये अशी ही कपात त्याला दिसेल. ती कशासाठी सुरू झाली हे मात्र शंभरातल्या एखाद्यालाच ठाऊक असेल. केंद्राने हमीच्या मजुरीचा भार घेतल्यानंतरही व्यवसाय कर चालूच राहिला. आता त्या भाराचा मोठा वाटा राज्याकडे परत येत असताना, या करातून येणारी रक्कम पुन्हा हमीच्या कामांकडे वळवणार का, हा प्रश्न मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात एखाद्या आमदाराने तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते) म्हणून विचारला तर ते खरे काम ठरेल. माझ्या मते तो प्रश्न ग्रामीण आमदाराइतकाच शहरी आमदाराचाही आहे, कारण कर ठाण्याच्या नोकरदाराचा आणि मजुरी मुरबाडच्या मजुराची आहे.

काही योजनांत केंद्राने एक रुपयाही कमी केलेला नाही आणि तरीही कपात झालेली आहे. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा 79 वर्षांपर्यंत दरमहा 200 रुपये आणि त्यापुढील वयासाठी 500 रुपये असा आहे, आणि दशकाहून अधिक काळ तो जिथल्या तिथे आहे. लाभार्थ्याच्या हाती 1,500 रुपये पडतात ते राज्य वरची रक्कम घालते म्हणून. अंगणवाडी सेविकेच्या मानधनासाठी केंद्राने ऑक्टोबर 2018 मध्ये 4,500 रुपये ही रक्कम ठरवली, त्यातही 40 टक्के राज्याचेच; तिथून पुढची सगळी वाढ आंदोलने करून राज्याकडून मिळवावी लागली. या काळात महागाई किती वाढली हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. राज्याच्या अर्थसंकल्पात या योजनांवरची तरतूद दरवर्षी फुगलेली दिसते आणि आम्ही ती राज्याची उदारता समजतो. प्रत्यक्षात तिच्यातला बराच भाग केंद्राच्या गोठलेल्या हिश्श्याची भरपाई असतो.

घरोघरी नळाचे पाणी देण्याच्या जलजीवन मिशनची गोष्ट याहून उघड आहे. या मिशनमध्ये महाराष्ट्रासाठी केंद्र आणि राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा आहे. 2024-25 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशभरासाठी सुमारे 70 हजार कोटी रुपये दाखवले गेले आणि वर्ष सरता सरता केलेल्या सुधारित अंदाजात ते 22,694 कोटींवर आले. 2025 च्या अर्थसंकल्पात मिशनची मुदत 2028 पर्यंत वाढवल्याची घोषणा झाली खरी, पण घोषणेने ठेकेदाराचे देयक निघत नाही. गेल्या उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातील एका पाड्यावर नातेवाइकांकडे गेलो होतो. तिथे जलकुंभ उभा आहे, त्यावर योजनेचे नाव निळ्या अक्षरांत रंगवलेले आहे, घराघरापुढे तोटी बसवलेली आहे आणि तोटीच्या खालचा सिमेंटचा ओटा कोरडा ठणठणीत आहे. पंपघरापासून टाकीपर्यंतची वाहिनी घालायची राहिली, कारण ठेकेदाराचे आधीचेच बिल अडकले होते. ज्या तालुक्यातील भातसा आणि तानसा धरणांवर मुंबईची तहान भागते, त्या तालुक्यात टँकरची वाट पाहावी लागते हे काही नवे नाही. कामांच्या दर्जाबद्दलच्या तक्रारी खऱ्या असतील आणि त्यामुळे केंद्राने हात आखडता घेतला असेल, तर तेही लिहावे. पण 'योजना मंजूर' एवढ्यावर थांबणारा अहवाल त्या पाड्यावरच्या बाईला काहीच सांगत नाही.

आता 'आणलेल्या' निधीकडे वळतो. राज्यांना भांडवली कामांसाठी केंद्राकडून 50 वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज मिळते. करोनाच्या वर्षी, 2020-21 मध्ये, ही व्यवस्था सुरू झाली आणि 2025-26 साठी तिची देशभराची तरतूद दीड लाख कोटी रुपये आहे. अटी सौम्य आहेत, राज्याने ते घ्यावे हेच शहाणपणाचे; परंतु त्यातला काही भाग केंद्राने सांगितलेल्या सुधारणा केल्या तरच मिळतो आणि शेवटी ते कर्जच असते. ज्या राज्याच्या कर्जाचा अंदाज 2025-26 च्या अर्थसंकल्पाने 9 लाख 32 हजार कोटींवर नेला, तिथे कर्ज आणि अनुदान एकाच ओळीत 'निधी' म्हणून छापणे बरे नव्हे. ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोचेच पाहा. 29 किलोमीटर, 22 स्थानके, 12,200 कोटी रुपये. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये तिला मान्यता दिली. आमच्या पुस्तिकेत ही संपूर्ण रक्कम 'केंद्राची भेट' म्हणून आली आहे. वस्तुतः केंद्र आणि राज्य यांचे भागभांडवल समान आहे आणि उरलेला मोठा हिस्सा वित्तसंस्थांच्या कर्जाचा आहे, ज्याची फेड पुढे तिकिटांतून आणि तिजोरीतून व्हायची आहे. मेट्रो मला हवीच आहे. घोडबंदर रस्त्यावर संध्याकाळी अडकलेला कोणताही माणूस मेट्रोच्या विरोधात बोलणार नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की दिल्लीने महाराष्ट्राकडे सगळीकडून पाठ फिरवली, असे चित्र खरे नाही. केंद्रीय करांच्या वाटपात राज्याचा हिस्सा चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात 5.521 टक्के होता, तो पंधराव्या आयोगाने 6.317 टक्के केला. पण त्याच वेळी सर्व राज्यांना मिळून द्यायचा वाटा 42 वरून 41 टक्क्यांवर आला, आणि केंद्र जे उपकर व अधिभार (मूळ करावर लावलेले जादा कर) वसूल करते ते या वाटपात मुळातच धरले जात नाहीत. म्हणजे पंधराव्या आयोगाच्या काळात विभाज्य (राज्यांशी वाटून घ्यायच्या) करांच्या 100 रुपयांतून महाराष्ट्राच्या पदरात पडले सुमारे 2 रुपये 59 पैसे. देशाच्या करसंकलनात ज्या राज्याचा वाटा सर्वांत मोठा समजला जातो, त्याच्या प्रतिनिधींनी हे सूत्र आपल्या मतदारांना एकदा तरी समजावून सांगावे. गरीब राज्यांना अधिक मिळावे हे मला मान्य आहे. न सांगता मिळावे हे मान्य नाही. 1 एप्रिल 2026 पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ आहे, तेव्हा समजावण्यासाठी याहून योग्य वेळ नाही.

शहराचेही थोडे. जकात आणि स्थानिक संस्था कर गेल्यानंतर महापालिका राज्याकडून येणाऱ्या जीएसटी भरपाईवर जगतात. 2017 च्या राज्य कायद्याने तीत दरवर्षी 8 टक्के वाढ ठरवून दिली आहे. केंद्राकडून राज्यांना मिळणारी जीएसटी भरपाई मात्र जून 2022 मध्येच संपली, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून करांचे दर खाली आले. ग्राहक म्हणून मला त्याचा आनंद झाला. पण राज्याचे उत्पन्न घटले तर ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांचा तो मासिक हप्ता वेळेवर येत राहील का, हे नवनिर्वाचित नगरसेवकांइतकेच आमदारांनीही पाहायला हवे. ठाण्यात जवळजवळ चार वर्षे आणि नवी मुंबईत त्याहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत असताना असे प्रश्न विचारायला सभागृहच नव्हते.

विधेयकांच्या यादीबद्दल एवढेच म्हणतो की नुसती नावे देऊन मतदाराला काही कळत नाही. दुकाने व आस्थापना कायद्यातील दुरुस्तीमुळे 20 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी दिवसाचे कामाचे तास 9 वरून 10 होऊ शकतात. वागळे इस्टेट किंवा महापे येथे काम करणाऱ्याला हे त्या यादीतून उमजणार नाही, कारण तिथे फक्त 'उद्योगस्नेही सुधारणा' असे लिहिले आहे. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यास मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यात बदल करून गुंठेवारीचे (गुंठ्या-गुंठ्याने झालेल्या जमीनविक्रीचे) जुने व्यवहार शुल्काशिवाय नियमित करण्याचा निर्णय दिवा-भिवंडी पट्ट्यातील अनेक कुटुंबांना दिलासा देणारा आहे आणि मी त्याचे स्वागत करतो. पण जिथे पूर्वी बाजारमूल्याच्या 25 टक्के आणि नंतर 5 टक्के आकारणी होती, तिथे शासनाने काही महसूल सोडला, हेही खरे आहे. डिसेंबरच्याच अधिवेशनात 75 हजार कोटींहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या) मांडल्या गेल्या. त्याचा तर पुस्तिकेत उल्लेखही नाही.

माझी मागणी लहान आहे आणि तिच्यासाठी नवी आकडेवारी गोळा करावी लागणार नाही. तिजोरीवर खर्च टाकणाऱ्या प्रत्येक विधेयकाच्या शेवटी वित्तीय ज्ञापन जोडलेले असते. त्यातली रक्कम विधेयकाच्या नावापुढे छापावी. प्रत्येक केंद्रपुरस्कृत योजनेपुढे केंद्राचा ठरलेला हिस्सा, 31 मार्चअखेर प्रत्यक्ष आलेली रक्कम आणि राज्याने वरून घातलेली रक्कम द्यावी. अर्थसंकल्पीय प्रकाशनांतून आणि जिल्हा नियोजन समितीच्या कागदपत्रांतून ही माहिती आमदारांना सहज मिळते, आणि त्यांच्या स्वीय सहायकांचे ते फार तर एका दुपारचे काम आहे. छायाचित्रांची दोन पाने कमी केली तर जागाही होईल. केंद्रात आणि राज्यात एकाच आघाडीचे सरकार आहे म्हणून हे विचारणे अवघड जात असेल, तर तमिळनाडूने केंद्राच्या समग्र शिक्षा या शालेय शिक्षण योजनेच्या अडलेल्या 2 हजार कोटींहून अधिक रकमेसाठी थेट सर्वोच्च न्यायालय गाठले हे लक्षात घ्यावे. तेवढे टोक गाठण्याची आमची अपेक्षा नाही. सभागृहात एक तारांकित प्रश्न आणि अहवालात एक तक्ता पुरेल.

या पत्राची प्रत आमदार महोदयांच्या जनसंपर्क कार्यालयात दिली असून तिची पोच घेतली आहे. अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी उत्तर आले तर ते आपल्याकडे प्रसिद्धीसाठी पाठवीन.

आपला,
एक सेवानिवृत्त लेखा कर्मचारी,
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)