रीयुनियन बेटावर निघालेल्या मित्रास

दादर, मुंबई

प्रिय सतीश,

तू हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर झऱ्यांच्या पाण्याचे नमुने घ्यायला निघालास, हे कळल्यापासून मन तिथेच आहे. आपल्या सह्याद्रीचा कातळ ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या उष्णबिंदूतून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येतो त्या जागेतून, ओतला गेला, तोच आज त्या बेटाखाली आहे असं मानतात.

पण पाण्याचं तसं नाही हं. अकलोली-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं पाहून लोक म्हणतात, खाली ज्वालामुखी आहे. कुठला? पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. दगडांच्या फटीतून बुडबुडे येतात तिथे चूळ भरली की पाणी किंचित खारट लागतं, क्लोराइड भरपूर. तुझ्या बेटावरच्या सिलाओसचे झरे याहून कोमट, पण त्यांच्यात खालून आलेला कार्बन डायऑक्साइड मुरलेला. त्याने पाणी आंबट होतं, बेसाल्ट हा ज्वालामुखीचा काळा कातळ विरघळवतं, आणि बायकार्बोनेट, मॅग्नेशियम वाढतं. म्हणून ज्वालामुखी शोधायचा तर नुसत्या तापमानावर जाऊ नकोस.

मॅग्नेशियमकडे नीट बघ. सोडियम-पोटॅशियमचं गुणोत्तर सावकाश बदलतं, म्हणून खोलवरच्या तापमानाची खूण त्यात टिकते. मॅग्नेशियम मात्र पाणी वर येताना चटकन बदलतं. गिगेनबाख या भू-रसायनशास्त्रज्ञाच्या १९८८च्या त्रिकोणी आलेखात (सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे त्याचे तीन कोपरे) तुझे ठिपके मॅग्नेशियमच्या कोपऱ्यात गेले, म्हणजे पाणी खडकाशी समतोलात नाही, तर सोडियम-पोटॅशियमवरून २५० अंश निघाले तरी ते अहवालात लिहू नकोस. हे मी अगदी कळकळीने सांगतो. असे फुगलेले आकडे पुढे कुणाच्या तरी बोअरवेलचा खर्च बुडवतात.

पीएच आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) झऱ्यावरच मोज. बाटलीत वायू सुटला की आकडा गेला. नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ. धातू मोजायच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घाल, क्लोराइड मोजायच्या बाटलीत मुळीच नाही. समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू मोजायची) बाटली काठोकाठ भर, एकही बुडबुडा नको. लोक अंघोळ करतात तिथलं पाणी घेऊ नकोस, उगमाचंच घे.

आणि किनाऱ्याच्या विहिरी! त्यांतलं क्लोराइड बघून लगेच समुद्र आत शिरला म्हणू नकोस. बेटावरच्या पावसातच समुद्राचं मीठ असतं. आधी पावसाचं पाणी जमव, मग विहिरीशी ताडून बघ.

पाण्यातल्या धन आणि ऋण भाराच्या आयनांची बेरीज सारखी यायला हवी; तो ताळा पाच टक्क्यांच्या आत बसला की आकडे पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद