बाळाला उशी नको

बेंगळुरू

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाळाच्या दूध टाकण्याचा आणि रात्रीच्या श्वासाचा विषय निघाला, आईचा आवाज कापरा झाला आणि बाबांनी मिळेल त्या गाडीने निघण्याची तयारी दाखवली. तुम्ही ठरल्याप्रमाणे पुढच्या महिन्यातच या. मात्र डॉक्टरांनी काय सांगितले आणि आम्ही घरात काय ठरवले आहे, ते त्याआधी सविस्तर कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. फोनवर निम्मे बोलणे काळजी करण्यातच जाते.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथले स्नायूंचे कडे तान्ह्या बाळात वरचेवर सैल पडते, आहार सगळा पातळ आणि बाळ दिवसभर आडवे, त्यामुळे प्यायलेले दूध थोडे वर येते. हे साधारण चौथ्या महिन्यापर्यंत वाढते, बाळ बसू लागले की कमी होते आणि बहुतेक मुलांचे वर्ष-दीड वर्षात आपोआप थांबते. चमचाभर दूध दुपट्यावर पसरले की वाटीभर दिसते, हेही आहेच. डॉक्टरांचा भर वजनावर आहे: जन्मानंतर घटलेले वजन दोन आठवड्यांच्या आत भरून निघाले, आता ते रोज 25 ते 30 ग्रॅमने वाढत आहे आणि लंगोट दिवसातून सहा-सात वेळा तरी ओले होतात, म्हणजे दूध अंगी लागत आहे. म्हणूनच त्यांनी पित्ताचे कोणतेही औषध दिले नाही, आणि मला ते पटले.

रात्रीच्या श्वासाने मात्र आम्हा दोघांची झोप उडवली होती. मंद दिव्यात झबल्याखालचे पोट वर-खाली होताना दिसते, मग एकदम थांबते, मी मनात आकडे मोजू लागतो, सहा-सातपर्यंत पोहोचतो आणि तेवढ्यात चार-पाच श्वास भराभर घेऊन बाईसाहेब पुन्हा संथ लयीत येतात. नवजात बाळाच्या मेंदूतले श्वासाचे नियंत्रण अजून पक्के झालेले नसते, त्यामुळे पाच ते दहा सेकंदांचे असे थांबे नेहमीचे असतात आणि पहिल्या काही महिन्यांत ते नाहीसे होतात. घुरघुर ऐकू येते ती बहुतेक वेळा नाकातली असते, कारण या वयात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते आणि नाकपुड्या अगदी अरुंद असतात. श्वास मोजायचाच झाला तर पूर्ण एक मिनिट मोजावा; शांत झोपेत तो 30 ते 60 असतो.

आई, तू राईची उशी शिवून ठेवली आहेस हे कळले. ती वापरायची नाही, हे मी आधीच स्पष्ट लिहितो. बाळ सपाट, घट्ट गादीवर, पाठीवरच झोपेल. उशी नाही, लोड नाही, झोळी नाही आणि डोक्याकडून गादी उंच करणेही नाही. पाठीवर असताना दूध वर आले तर गुदमरेल असे वाटणे साहजिक आहे; पण त्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे दुधाला तिच्यात शिरण्यासाठी चढावे लागते, तर पालथे झोपवले की उलट घडते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये बाळांना पालथे न झोपवण्याचा सल्ला दिला आणि त्यानंतर तिथले तान्ह्या बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून कमी झाले. डोके गोल व्हावे ही तुझी हौस जागेपणी, आपल्या डोळ्यांदेखत पालथे घालून पुरवता येईल.

घुटी, मध, नाकात तेल आणि धुरी यांनाही फाटा दिला आहे. मध तर वर्ष होईपर्यंत बोटावरही नको, आणि श्वासाची चिंता असलेल्या घरात धूर करण्यात काहीच अर्थ नाही. मालिश मात्र तुझ्याच हातची, दूध पिऊन बराच वेळ झाल्यावर.

बाबा, दूध पाजल्यावर बाळाला वीसेक मिनिटे खांद्यावर उभे धरून ढेकर काढायचे काम तुमचे. पहाटे चारला तुम्ही उठलेलेच असता, तेव्हा ती पाळी तुमची. फक्त तिला छातीशी घेऊन सोफ्यावर डुलकी लागू देऊ नका. पेंग आली तर लगेच मला हाक मारा.

श्वास वीस सेकंद थांबला, ओठ किंवा जीभ निळसर दिसली, अंग ढिले पडले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता तडक रुग्णालयात न्यायचे आहे. हिरवी किंवा रक्ताची उलटी, प्रत्येक वेळी लांबवर उडणारी उलटी, दूध न ओढणे आणि 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप यांनाही हाच नियम. ही यादी मी फ्रिजवर चिकटवली आहे. श्वासावर लक्ष ठेवणारे यंत्र घ्या असे दोन-तीन मित्रांनी सुचवले, परंतु अशा यंत्रांनी धोका टळतो असे दिसून आलेले नाही आणि खोट्या घंटांनी घरादाराची झोप तेवढी जाईल, म्हणून घेतले नाही.

येताना जुन्या सुती साड्यांची दुपटी जमतील तेवढी आणा. खांद्यावर टाकायला आणि तोंड पुसायला ती रोज ढीगभर लागतात, आणि इथल्या पावसाळी हवेत धुतलेली दोन-दोन दिवस वाळत नाहीत.

तुमचा,
बाळाचा बाबा