गोळी किती हे छापता, किती दिवस हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात प्रतिकारशक्तीवर लेख आला होता. त्यात एक वाक्य होतं : ‘झिंकची गोळी कुणीही रोज घ्यावी, अपाय काहीच नाही.’ त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे, कारण अडीच वर्षं मी नेमकं तेच केलं.

मी ३१ वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. करोनाच्या साथीत मला दोन आठवड्यांसाठी ५० मिलिग्रॅम झिंक, म्हणजे जस्त, लिहून दिलं होतं. दोन आठवडे झाले, आजार गेला, गोळी मात्र चालूच राहिली. बंद करा असं कुणी म्हटलं नाही, आणि जस्तासारखी साधी गोष्ट कुणाला विचारून घ्यायची असते हे माझ्या मनातही आलं नाही.

आधी पायाची बोटं बधिर झाली. मग जमीन कापसाची असावी तसं वाटू लागलं. एके सकाळी बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि तिथेच कोसळले. डोळे उघडे असले की तोल सावरायचा, मिटले की जायचा. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८, पांढऱ्या पेशीही कमी. बी-१२ ची शंका घेतली गेली, ते व्यवस्थित निघालं. लोहाच्या गोळ्या झाल्या, फरक नाही. आठ महिन्यांनी एका न्यूरॉलॉजिस्टनी विचारलं, “चिठ्ठीत नसलेलं काय काय घेता?” मग रक्तातलं तांबं तपासलं. ते जवळजवळ नव्हतंच.

तांब्याशिवाय शरीराला लोह नीट वापरता येत नाही आणि मज्जारज्जूही दुखावतो. म्हणूनच ही कमतरता थेट बी-१२ च्या कमतरतेसारखी दिसते. आणि तांबं जातं कुठे? जस्त जास्त झालं की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन भरपूर बनवतात. या प्रथिनाची तांब्यावरची पकड जस्तापेक्षाही घट्ट असते. तांबं त्या पेशीतच अडकतं, काही दिवसांत पेशी झडते आणि तिच्याबरोबर तेही बाहेर पडतं. तांब्याच्या निळ्या द्रावणात जस्ताची पट्टी बुडवून, जस्त तांब्याला द्रावणातून हुसकावतं आणि रंग फिका होतो, हे मी मुलांना दरवर्षी दाखवत असे. शरीरातली क्रिया ती नव्हे, पण न्यूरॉलॉजिस्टनी हे समजावलं तेव्हा मला डोळ्यांपुढे ती परीक्षानळीच दिसली.

विल्सनच्या आजारात जस्ताचा तांबं अडवण्याचा हाच गुण औषध ठरतो. त्यात यकृताला तांबं बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साठतं. तिथे तांबं शोषलं जाऊ नये म्हणून जस्त मुद्दाम देतात. हेच मेटॅलोथायोनीन १९५७ मध्ये पहिल्यांदा सापडलं ते घोड्याच्या मूत्रपिंडात, कॅडमियम या विषारी धातूला धरून बसलेलं. आवर्तसारणीत जस्ताच्या खाली कॅडमियम आणि त्याखाली पारा. एकाच स्तंभातल्या या तिघांपैकी जस्तावाचून आपण जगू शकत नाही, उरलेल्या दोघांनी जपानमध्ये इताई-इताई आणि मिनामाटा हे आजार दिले.

मी जस्ताच्या विरोधात नाही, हे कृपा करून लक्षात घ्यावं. डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणमध्ये खुरटलेले, वयात न आलेले तरुण पाहिले. ते प्रामुख्याने न फुगवलेली गव्हाची रोटी खात आणि मातीही खात. १९६१ मध्ये प्रसाद यांनी त्यांच्याविषयी लिहिलं आणि जस्ताच्या अभावाची शंका मांडली. पुढे इजिप्तमधल्या अशाच तरुणांना जस्त दिल्यावर त्यांची वाढ सुरू झाली. तोवर माणसात जस्ताची कमतरता होत असेल हेच फारसं कुणी मानत नव्हतं. आज जुलाब झालेल्या मुलाला क्षारसंजीवनीबरोबर जस्त देतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये दिलेला सल्ला असा : रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालच्या बाळाला १०, आणि तेही १० ते १४ दिवस. त्या सल्ल्यात मात्रा आहे, तशी मुदतही आहे.

माझ्या गोळीच्या पट्टीवर मुदत नव्हती आणि आपल्या लेखातही ती नव्हती. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला ८ मिलिग्रॅम जस्त पुरतं, पुरुषाला ११. रोजची वरची मर्यादा ४०. मी रोज अन्नातलं धरून त्याच्याही वर जात होते.

म्हणून विनंती आहे की पुरवणीत दुरुस्ती छापावी आणि त्यात ‘किती दिवस’ हे स्पष्ट लिहावं. कुणाचे पाय बधिर होत असतील, रक्त लोह घेऊनही वाढत नसेल आणि घरात झिंकची गोळी चालू असेल, तर तांब्याची तपासणी करून घ्यावी, हेही त्यात यावं. गोळी बंद करून तांबं सुरू केल्यावर माझं रक्त दोन महिन्यांत सुधारलं. बोटं अजून बधिर आहेत. तोंड धुताना मी एक हात भिंतीला टेकवूनच उभी राहते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका