बाबा, ती ठेव मोडू नका

प्रिय आई बाबा,

काल फोनवर बाबा म्हणाले की पोस्टातली सिनियर सिटीझनची ठेव मोडतो आणि तुझ्या एमटेकची फी भरतो, मी काही बोलायच्या आत फोन आईकडे गेला आणि विषय आत्याच्या गुडघ्यावर घसरला, म्हणून आता सगळं लिहूनच पाठवते, दोघांनी मिळून वाचा.

बाबा, ती ठेव मोडू नका. तिचं ८.२ टक्के व्याज दर तिमाहीला खात्यात पडतंय, आणि एक वर्षानंतर पण दोन वर्षं व्हायच्या आत मोडली तर मुद्दलातूनच दीड टक्का कापून घेतात. आणि मुळात गरजच नाहीये, फी कंपनी देतेय. सगळी नाही, पाऊण. चार सेमिस्टर मिळून अडीच-तीन लाखांच्या घरात जाते, त्यातला पाव हिस्सा माझा. फक्त दर सेमिस्टरला आधी मी भरायची आणि पास झाल्याची मार्कशीट दाखवली की पगारात परत मिळणार. नापास झाले तर भुर्दंड माझाच.

आई, नोकरी सोडत नाहीये आणि राजस्थानला पण जात नाहीये. बिट्स पिलानीचा हा नोकरी करणाऱ्यांसाठीचा प्रोग्राम आहे, १९७९ पासून चालू आहे, शनिवार-रविवारी ऑनलाइन लेक्चर आणि परीक्षेचं सेंटर पुण्यात मिळतं. बाबांचं म्हणणं की करायचं तर आयआयटीत कर नाहीतर सीओईपीत. मान्य, पण फुल टाइम म्हणजे गेटची प्रवेश परीक्षा द्या, नोकरी सोडा आणि महिना १२,४०० स्टायपेंडवर राहा, इथे माझ्या फ्लॅटचा हप्ताच त्याच्या दुपटीहून जास्त आहे.

आता कंपनी पैसे द्यायला तयार कशी झाली ते सांगते, कारण बाबांना वाटतंय साहेब देवमाणूस आहेत. चांगले आहेत, पण तसं काही नाही. पॉलिसी आमच्याकडे आधीपासूनच होती, एचआरच्या पोर्टलवर एक जुनी पीडीएफ आहे जी कोणी उघडतच नाही. कोर्स कामाशी संबंधित हवा, मॅनेजर आणि एचओडीची सही हवी, आणि शेवटी बारीक अक्षरात 'बजेट उपलब्ध असल्यास'. सगळी मेख तिथे. लोक जूनमध्ये अ‍ॅडमिशन घेऊन मग विचारतात, तोवर एप्रिलपासूनचं बजेट वाटून झालेलं असतं. मी जानेवारीतच साहेबांच्या मागे लागले, डिपार्टमेंटचे आकडे वर जायच्या आधी.

आणि मला शिकायचंय असं म्हणलंच नाही. तसं म्हणलं की साहेब ऑल द बेस्ट म्हणतात आणि विषय संपतो. मी एक पान लिहून दिलं की बॅटरी पॅकच्या टेस्टिंगमध्ये बीएमएसच्या, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोलरच्या, सॉफ्टवेअरमध्ये काही अडलं की आपण सप्लायरचा इंजिनिअर बोलावतो, तो येईपर्यंत टेस्ट बेंच नुसता उभा आणि वर त्याचे दिवसाचे पैसे द्यायचे, हेच मी शिकले तर ते काम इथेच होईल, शिवाय शेवटच्या सेमिस्टरचं डिझर्टेशन, म्हणजे प्रबंध, आपल्याच पॅकवर करीन. त्या पानाला मागच्या वर्षीची सप्लायरची बिलं जोडली. साहेबांनी पान वाचलं की नाही माहीत नाही, बिलं मात्र दोनदा उलटून पाहिली. मेंटर म्हणून कंपनीतलाच माणूस लागतो, ते स्वतःच झाले.

मग फायनान्सवाल्यांनी विचारलं की ही डिग्री घेऊन पळाली तर? आणि आला बाँड. बाबा, तुम्ही इथेच घाबरलात ना. पतसंस्थेत दुसऱ्याला जामीन राहून तुमच्या पगारातून त्याचे हप्ते कापले गेले, तेव्हापासून स्टँप पेपर दिसला की तुमचं बीपी वाढतं, ते मी लहानपणापासून बघतेय. पण यात जामीनदार कोणीच नाही, ना तुम्ही ना काका. डिग्रीनंतर दोन वर्षं राहायचं, आधी सोडलं तर त्यांनी दिलेली फी परत, इतकंच. बाँडबिंड कोर्टात टिकत नाही असं ऑफिसमधली पोरं छातीठोक सांगतात, पण मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरायची अट वैध धरलीय. ती सरकारी बँक होती, आमचं तसं नाही, पण टिकणारच नाही असं धरून सही करण्यात अर्थ नाही. टिकेल असं समजूनच वाचलं.

वाचलं म्हणून तीन गोष्टी बदलून घेतल्या. जेवढे महिने राहीन तेवढी रक्कम कमी होत जायची, पूर्ण फी एकदम नाही. कंपनीनेच काढलं तर वसुली नाही, हे आधी कुठेच नव्हतं आणि आजकालच्या दिवसात हेच जास्त महत्त्वाचं. आणि ओरिजिनल सर्टिफिकेट किंवा कोरा चेक कंपनीकडे ठेवायचा नाही, यावर एचआरच्या मॅडम जरा फुरंगटल्या, म्हणाल्या सगळेच देतात. मी म्हणलं झेरॉक्स हव्या तेवढ्या घ्या. झालं मग. स्टँप पेपर ५०० चाच लागला, १०० चे आता चालत नाहीत.

दोन वर्षं रविवारचं येणं जमणार नाही, आई, आत्ताच सांगून ठेवते, रुसू नकोस. तुम्हीच या, बाबांना शिवनेरीचं तिकीट काढून देईन.

बाबा, एक काम आहे. लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात निळ्या फाइलमध्ये माझ्या बीईच्या आठही सेमिस्टरच्या मार्कशीट आहेत, त्या मोबाइलवर फोटो काढून नको, चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून पाठवा, शुक्रवारच्या आत. पाठीमागची बाजू पण स्कॅन करायला सांगा, तो विसरतो.

तुमची
मनू