भोगीला येताना वेळ सांगू नकोस

लश्कर, ग्वाल्हेर
6 जानेवारी

चि. ऋचास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू आजीला म्हणालीस, "पहाटे चारला नोएडाहून निघते, दहापर्यंत घरी. भोगीची भाकरी गरम वाढ." आजी हरखली. मी तेव्हा बोललो नाही, कारण फोनवर बोललो असतो तर तुला ते रागावणं वाटलं असतं. म्हणून लिहितो आहे. नवी गाडी घेतल्यावर तू पहिल्यांदाच एकटी येते आहेस, तर हे सावकाश वाच.

पहाटे निघू नकोस. इकडे मावठ, म्हणजे थंडीतला पाऊस, पडून गेली, आता आकाश मोकळं आहे आणि वारा अजिबात नाही. अशा रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि तिला लागून असलेली ओलसर हवा तिथेच धुकं होऊन बसते. धौलपूर ते मुरैना दोन्ही बाजूंना पाणी दिलेली मोहरीची, गव्हाची शेतं आणि मधे चंबळ. तिथे ते फार दाटतं. उजाडल्यावर विरेल असं तुला वाटत असेल. पण सूर्य उगवल्यावर पहिला तासभर ते उलट वाढलेलंच मी कितीदा पाहिलं आहे. चांगलं ऊन तापल्याशिवाय ते हलत नाही. चारला निघालीस तर नेमकी त्याच वेळी तू आग्र्याच्या पुढे असशील.

तू तिसरीत होतीस तेव्हाची गोष्ट. आजोबांचं वर्षश्राद्ध होतं आणि मी कामासाठी दिल्लीला गेलो होतो. आजीला शब्द दिला होता, गुरुजी नऊला येतील त्याआधी मी घरात असेन. धौलपूर सोडलं तर बॉनेटच्या पुढचं काही दिसेना. पुढे एक ट्रक होता, त्याचे दोन लाल दिवे धरून मी त्याच्या मागे लागलो. त्याला रस्ता दिसतोय म्हणजे मलाही दिसतोय, असंच वाटत होतं. एका क्षणी ते दिवे एकदम उजवीकडे गेले आणि समोर विटांनी भरलेली ट्रॉली उभी. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीच्या मागचा लोखंडी हूक बॉनेटपासून दोन वितांवर होता. तिचा रिफ्लेक्टर चिखलाने पूर्ण लिंपलेला होता, दिवा नव्हताच. टायर पंक्चर होऊन ती रात्रीपासून तिथेच होती. माझे पाय थरथरत होते, पण खरी भीती त्यानंतर वाटली. आता मागून कोणी आलं तर?

मी घरी पोचलो सव्वाअकराला. गुरुजी थांबले होते. श्राद्ध साडेअकराला सुरू झालं, काही अडलं नाही. पण नऊची वेळ सांगितली नसती तर मी आग्र्यालाच चहा पीत बसलो असतो. गेली कितीतरी वर्षं हे मनात आहे, तुला आज पहिल्यांदा सांगतोय.

आता गाडीचं. समोर पांढरं झालं की हात आपोआप हाय बीमकडे जातो. तो उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून तुझ्याच डोळ्यांत परत येतो, समोर भिंत उभी राहते. लाइट लो बीमवर ठेव आणि तुझ्या गाडीला खाली फॉग लाइट आहेत ते लाव. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नकोस; तू वळते आहेस की उभी आहेस हे मागच्याला कळत नाही. ते गाडी थांबवल्यावर लावायचे. काचेला आतून वाफ धरली तर हाताने पुसू नकोस, एसी चालू करून हवा काचेवर सोड. गाणी बंद ठेव आणि खिडकी दोन बोटं उघडी. धुक्यात बऱ्याचदा गाडी दिसण्याआधी ऐकू येते.

वेग मात्र काट्यावरच बघायचा. बाजूची झाडं-घरं दिसत नसली की 60 सुद्धा 30 सारखे वाटतात. ताशी 60 ला गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच 25 मीटर संपतात, नंतर गाडी थांबायला आणखी तेवढेच, आणि दवाने ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. हवामान खातं अति दाट धुकं म्हणतं ते 50 मीटरच्या आतलं. हिशोब तूच कर. यमुना एक्स्प्रेसवेवर 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी मोटारींची 100 ची मर्यादा खाली आणतात, पण तो कमी केलेला आकडाही 50 मीटर दिसत असताना चालवण्याचा नाही. जेवढं दिसतं त्याच्या निम्म्यात थांबता येईल एवढीच चालव.

डावीकडची पांढरी रेघ धरून राहा, पण तिच्या अंगावर जाऊ नकोस. बंद पडलेल्या ट्रॉल्या तिथेच असतात. अगदीच दिसेनासं झालं तर रस्त्याच्या कडेला थांबायचं नाही. पेट्रोल पंप, ढाबा, टोलनाका, जे येईल त्याच्या आवारात आत जायचं. रस्त्यातच गाडी बंद पडली तर चारही इंडिकेटर लाव, डाव्या दाराने उतर आणि कठड्यापलीकडे उभी राहून 1033 या महामार्गाच्या मदत क्रमांकाला फोन कर. थंडी वाजते म्हणून गाडीत बसून राहायचं नाही. हे मी तुला विनवून सांगतो आहे.

दहाला नीघ. ऊन असेल, आग्र्याला जेव. आग्र्याहून इथवर 120 किलोमीटर आहेत, अंधार पडायच्या आत येशील. मुरैन्याला हवं तर गजक घे आणि दहा मिनिटं पाय मोकळे कर. निघताना मला फोन कर, पण किती वाजता पोचशील ते सांगू नकोस. मी विचारणार नाही, आईलाही विचारू देणार नाही.

आजीशी आज सकाळी बोललो. ती म्हणाली, बाजरीचं पीठ मळायला कितीसा वेळ लागतो, ऋचा दारात आली की भाकरी थापायला घेईन. भोगीची भाजी आणि तिळाची चटणी मात्र तयार असेल.

तुझा,
बाबा