ब्राइटहॉर्नवरून आल्या आल्या

प्रिय मंद्या,

पाय अजून ठणकतायत, तरी आजच लिहितोय, नाहीतर राहूनच जातं. शनिवारी आल्प्समधला ब्राइटहॉर्न केला रे! 4164 मीटर. चार हजारी शिखरांत हे सोपं म्हणतात, कारण झेरमॅटहून केबल कार थेट 3883 मीटरवर नेऊन सोडते. पण सोपंबिपं काही नाही, स्टेशनच्या बोगद्यातून बाहेर बर्फावर आलो आणि दहा पावलांत धाप लागली, डोकं जड.

गाईडने पाचजणांना एका दोरात बांधलं. हिमनदीतल्या भेगा वरच्या बर्फाने झाकलेल्या असतात, एखादा आत गेलाच तर बाकीच्यांनी धरायचं, म्हणून दोर ढिला सोडायचा नाही. एक भेग मात्र उघडीच होती, जेमतेम हातभर रुंद, आत निळा उजेड आणि तळ दिसेना. ओलांडताना मी खाली बघितलं. ते निळं अजून डोळ्यापुढून जात नाही.

माथ्यावरची धार म्हणजे नुसती पाऊलवाट. डावीकडे स्वित्झर्लंड, उजवीकडे इटली. आमच्या दोरावर सगळं जर्मन चाललेलं, तेवढ्यात समोरून एक दोर आला, "बोनजोर्नो!" आणि आमचा गाईड लगेच इटालियनमध्ये सुरू. मी त्याला आपल्या निपाणीचं सांगितलं, बाजारात भाव कन्नडात विचारतात आणि घासाघीस मराठीत करतात. तो म्हणाला, माझी आजी पलीकडच्या ग्रेसोनेची, देश इटली पण घरात टिच. ही वाल्सर लोकांची जर्मन बोली, ते तेराव्या शतकात डोंगर ओलांडून तिकडे वसले. ऐकून मला इतकं भरून आलं, तिथेच तुझी आज्जी आठवली, तुला मराठीत रागावणारी आणि देवाशी कन्नडात बोलणारी.

अजून एक, इथली सीमा बऱ्याच ठिकाणी पाणलोटाच्या रेघेवर आहे. शेजारची थिओडुल हिमनदी आटतेय, त्यामुळे ती रेघच सरकली आणि 2023 मध्ये दोन्ही देशांनी बसून तिथली सीमा थोडी बदलायचं ठरवलं. बसून ठरवलं, मंद्या! आपण लहानपणापासून सीमाप्रश्नावर मोर्चे आणि बंदच बघितले, म्हणून मला याचं फार वाटलं.

फोटो पाठवलाय, आज्जीला दाखव. मागे तो मॅटरहॉर्न. तिला सांग, इटलीकडचे लोक त्याच डोंगराला चेर्विनो म्हणतात.

तुझाच,
सुन्या